नंबर घरातच आहे

बँकेत वीस-बावीस वर्षं कारकुनी केली की माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू समोर आली की तो आधी तिचा नंबर बघतो. आमच्या साखरपुड्यात हिची पत्रिका माझ्या हातात दिली, तेव्हा मी ती उलटी करून मागे शिक्का आहे का ते पाहिलं होतं. ही गोष्ट आमच्या घरात अजूनही पाहुण्यांना चहाबरोबर वाढली जाते.

तर मागच्या उन्हाळ्यात बाभुळगावहून मामाजींचा फोन आला. "जीप विकाची हाय. पुन्याचा एक गिऱ्हाईक येऊन ऱ्हायला. तू ये. तुले कागदं समजतात."

फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसलो. मामाजी जीप विकणार म्हणजे पीककर्जाचं प्रकरण गळ्यापर्यंत आलं असलं पाहिजे. दरवर्षी व्याज भरून खातं नवं-जुनं करायचं, हा आमच्याकडचा सण आहे; तो पंचांगात नसतो एवढंच. त्या वर्षी कापसाने हात दिला नव्हता आणि व्याजापुरतेही पैसे जमत नव्हते.

यवतमाळहून धामणगाव रेल्वेला जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव लागतं. तालुक्याचं गाव आहे. बाजूला बेंबळा नदी आणि चहूकडे काळीभोर कापसाची जमीन. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात माणसाचा पाय असा धरते की चप्पल तिलाच देऊन पुढे जावं लागतं. अशा मुलखात चारही चाकांनी ओढणारी गाडी ही चैन नव्हे. मामाजींनी ती एका सरकारी लिलावात घेतली, तेव्हा माझं वय मोजायला महिने पुरत होते.

आता जीप म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मला थोडं अमेरिकेत जावं लागेल. (ज्यांना बाभुळगावहून इतक्या लांब यायचं नसेल त्यांनी गोठ्यापाशी थांबावं, मी परत तिथेच येणार आहे.) १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. मुदत अशी की पहिला नमुना ४९ दिवसांत हजर पाहिजे. आमच्या शाखेत एक खुर्ची मंजूर व्हायला याहून जास्त दिवस लागतात. बँटम नावाच्या एका छोट्या, कर्जबाजारी कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाचा अभियंता गाठला, आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी खरोखर उभी केली. सैन्याने ती पाहिली, पसंत केली, आणि तिचे नकाशे विलिस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवले. छोट्या खातेदाराचं काय होतं, हे मी रोज पाहत असल्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

पण खरी गंमत इंजिनाची आहे. फोर्डने आपल्या नमुन्यात आपल्याच ट्रॅक्टरच्या जातीचं इंजिन बसवलं होतं. ते कमी पडलं. विलिसकडे डेल्मर रूस नावाच्या अभियंत्याने ६० अश्वशक्तीपर्यंत चढवलेलं इंजिन होतं. ते सैन्याला आवडलं. पुढे गाड्या इतक्या लागणार होत्या की एकट्या विलिसला झेपेना. मग फोर्डलाही तीच गाडी, विलिसच्याच नमुन्याचं इंजिन घालून, बनवायला सांगितलं. फोर्डच्या त्या जीपचं नाव 'जीपीडब्ल्यू', आणि त्यातला डब्ल्यू म्हणजे विलिस! म्हणजे कल्पना बँटमची, इंजिन विलिसचं आणि पुढची ती पत्र्याची फटींची जाळी फोर्डची. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर गाड्या निघाल्या. तेव्हा दुसऱ्याचं इंजिन घातलेल्या जीपला 'बाटलेली' म्हणणाऱ्यांनी आधी तिची जन्मपत्रिका पाहावी, एवढंच माझं म्हणणं. जीप जन्मतःच संयुक्त कुटुंबातली आहे.

आपल्याकडे ती महिंद्रांनी आणली. १९४५ साली निघालेल्या या कंपनीचं पहिलं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये इथे 'मोहम्मद'च्या जागी आणखी एक 'महिंद्रा' बसला. पाटीचंही इंजिन बदललं म्हणायचं. मग मुंबईत माझगावला विलिसच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या.

मामाजींची जीप उंच नाकाची. त्या नाकालाही इतिहास आहे. १९५३ मध्ये विलिसने आपल्या जीपमध्ये नवं, जास्त ताकदीचं इंजिन घातलं. त्याच्या काही झडपा वर डोक्यावर गेल्यामुळे ते उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. अभियंत्यांनी सरळ बॉनेटच उंच केलं. अमेरिकेतून ते रूप पुढे गेलं, पण आपल्याकडे महिंद्रांनी कित्येक वर्षं तेच नाक चालवलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि हे नाक खेडोपाडी पोचलं. पुढल्या वर्षी आमच्याच जिल्ह्यातले, पुसदकडचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात गावात धूळ दिसली की लोक म्हणत, बीडीओ आला. लस आली जीपमधून, बियाणं आलं जीपमधून आणि निवडणुकीत तर आश्वासनंही जीपमधूनच आली. त्यांतलं जीप तेवढी टिकाऊ निघाली.

तिला दोष एकच. ती पेट्रोल पीत असे, आणि तेही लग्नातल्या व्याह्यासारखं, कुणी हात धरेपर्यंत. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेले. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. बाभुळगावात ही बातमी ऐकून लोकांना काहीच वाटलं नसणार. इथे सगळेच निषेध न करता बैलगाडीने जात होते.

पण कारखानदारांनी धडा घेतला. महिंद्रांकडे १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टर होताच. त्याच्या कुळातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. फोर्डने १९४० मध्ये जे करून पाहिलं आणि सोडलं, ते आपण तीसेक वर्षांनी करून दाखवलं. पुढे ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या पेजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं. म्हणजे अमेरिकन गाडीत फ्रेंच इंजिन घालून ती मराठी माणसाने चिखलात घालायची. संयुक्त राष्ट्रसंघाला जे जमलं नाही ते जीपला जमलं.

ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती, त्यांनी काय करायचं? त्यांनी मिस्त्री गाठायचा.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं. पेट्रोल पुन्हा भडकलं आणि दिवाळीच्या सुट्टीत मी बाभुळगावला गेलो तेव्हा मामाजींच्या अंगणात जीपचं पोट फाडलेलं होतं. नागपूरच्या भंगारबाजारातून एक सिम्पसनचं इंजिन आलं होतं. इंग्लंडच्या पर्किन्सच्या आरेखनावरून मद्रासची सिम्पसन कंपनी ही इंजिनं बनवी. हे इंजिन काही जीपसाठी जन्मलेलं नव्हतं. ते वजनाने पुष्कळ भारी. चाल संथ, पण ओढ बैलासारखी. आता एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जोडायचं म्हणजे दोन्हींची भोकं जुळत नाहीत. मिस्त्रीने मधे जाड लोखंडी प्लेट घातली. तिला एका अंगाला एकाची भोकं, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची. बँकेत या प्लेटला हेडक्लार्क म्हणतात.

इंजिन बसलं आणि पुढच्या कमानी खचल्या. मिस्त्रीने प्रत्येकीत एकेक पाटा वाढवला. रेडिएटर पुढे सरकवला. एवढं करूनही बॉनेट लागेना. मिस्त्रीने विडी पेटवली, विचार केला, आणि बाभळीच्या लाकडाचे दोन ठोकळे खाली देऊन बॉनेट वर उचललं. १९५३ मध्ये अमेरिकेत जे झालं तेच! फरक इतकाच की त्यांनी त्यासाठी नवा पत्रा कापला आणि आमच्या मिस्त्रीने गावाचं नाव राखलं.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं. अंगणातली कबुतरं उडाली, ती तिसऱ्या दिवशी परतली. मिस्त्री मजुरी घेऊन यवतमाळच्या गाडीला लागला. मामाजींनी एक चक्कर मारली, ऐटीत अंगणात आले, चावी फिरवली, काढली आणि खिशात घातली. इंजिन चालूच! चावी पुन्हा घातली, पुन्हा काढली. इंजिनाला पत्ता नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, चावीने ती तोडली की ते विझतं. डिझेल नुसत्या दाबाने पेटतं. त्याचं तेलच तोडावं लागतं. हे सांगायला मिस्त्री विसरला होता. आजीने लिंबू आणायला मला आत पिटाळलं. शेवटी मामाजींनी ब्रेक दाबून, जीप गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, तेव्हा ती एक गचका देऊन गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पंपाला एक तार बांधली आणि तिच्या टोकाला बैलाच्या दाव्याची कडी अडकवली. ती ओढली की इंजिन थांबे. आजही तसंच थांबतं.

आमच्या जिल्ह्यात इंजिन बदलण्याची परंपरा सरकारचीही आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आमची शकुंतला, तिला १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन होतं. सत्तरच्या वर वर्षं त्याने ओढलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल आलं. मामाजी अभिमानाने सांगत, "रेलवेले माह्या चार वर्षं मागून अक्कल आली."

फरक एवढाच की रेल्वेने नोंद केली, मामाजींनी नाही. आरसी बुकात इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर जुनाच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर झाल्यावर ही गोष्ट प्रथम माझ्या ध्यानात आली आणि मी त्यांना झापलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समजावून दिलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही, तेव्हा ते कात्रण घेऊन गेलो. मामाजी शांतपणे मला गोठ्यात घेऊन गेले. तिथे कोपऱ्यात जुनं पेट्रोल इंजिन पडलं होतं. त्यावर शेळी झोपली होती. त्यांनी शेळी उठवली, फडक्याने नंबर पुसला.

"पाह्य. नंबर हाच हाये ना? मंग? नंबर घरातच हाये. कुठं पळून गेला?"

या युक्तिवादाला आमच्या ऑडिटरकडेही उत्तर नसतं. त्यांनी एक मात्र केलं. नोंदणीची मुदत संपल्यापासून जीप रस्त्यावर काढली नाही. घर ते शेत, तेही आपल्याच धुऱ्याने.

तर पुण्याचा गिऱ्हाईक आला. सज्जन माणूस. जुन्या जीप होत्या तशा उभ्या करायचा त्याला नाद. त्याने बॉनेट उघडलं, ठोकळे पाहिले, आणि देवळात चप्पल घालून आलेल्या माणसाकडे पाहावं तसं सिम्पसनकडे पाहिलं. "हे भंगारात जाईल," तो म्हणाला. मग गोठ्यातलं इंजिन पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. दोन्ही मिळून त्याने जो आकडा सांगितला, त्यात कर्ज मुद्दलासकट फिटत होतं. मी खिशातलं पेन काढलं. माझ्यासारख्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मामाजी काही बोलले नाहीत. बोलली मामी. दाराच्या चौकटीला टेकून, कुणाकडेही न पाहता.

"चौतीस वर्षं झाली. नाल्यापाशी त्याचा आवाज आला का मी तवा मांडतो. अंधार पडला, पाऊस लागला, तरी तो आवाज आला का जिवात जीव येते. आधीच्या इंजनाचा आवाजच नव्हता. वाट पाह्यत बसा लागे."

अंगणात कुणीच बोललं नाही. गिऱ्हाईक खरोखरच सज्जन होता. त्याने चहा संपवला, उठून पुन्हा गोठ्यात गेला, आणि परत येऊन म्हणाला, "काका, मग मला फक्त हे शेळीचं इंजिन देता का? माझ्याकडे एक जीप आहे, तिचं इंजिन फुटलंय. मी आरटीओची परवानगी घेऊन रीतसर नोंद करून घेईन."

त्या पैशात मुद्दल फिटलं नाही. व्याज फिटलं, खातं नवं-जुनं झालं आणि मामाजींना आणखी एक हंगाम मिळाला. शेळी दोन दिवस जागा शोधत होती, मग जीपखाली झोपू लागली.

परतताना मी मनातल्या मनात हिशेब मांडला. पुण्याच्या जीपमध्ये बाभुळगावचं इंजिन. त्याचा नंबर अखेर खऱ्या वहीत चढणार, पण दुसऱ्याच्या खात्यावर. इकडे मामाजींच्या आरसी बुकात जो नंबर आहे, तो आता घरातही नाही. त्यांच्याकडे जे इंजिन आहे, ते कुठल्याच वहीत नाही. ऑडिटला हे प्रकरण आलं असतं तर मी स्वतः लाल शाईने शेरा मारला असता.

पावसाळ्यात मी पुन्हा गेलो होतो. संध्याकाळी पडवीत बसलो होतो. लांब, नाल्याच्या बाजूला धडधड ऐकू आली. मामी काही न बोलता उठली आणि आत गेली. मी घड्याळ पाहिलं. कडी ओढल्याचा आवाज आणि पहिली भाकरी, दोन्ही अगदी एकाच वेळी जुळले.