देवघेवीपासून संशोधनापर्यंत : मेडिकल लायब्ररी असोसिएशनची वाटचाल

२ मे १८९८ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका वैद्यकीय नियतकालिकाच्या कचेरीत आठ जण जमले. चार डॉक्टर आणि चार ग्रंथपाल. बोलावणे धाडले होते ‘फिलाडेल्फिया मेडिकल जर्नल’चे संपादक डॉ. जॉर्ज गूल्ड यांनी. वैद्यकीय नियतकालिके भराभर वाढत होती, पण ती एका जागी मिळतील अशी ग्रंथालये मोजकीच होती. कुठे एकाच अंकाच्या तीन-तीन प्रती पडून, तर कुठे संचातले मधलेच अंक गहाळ. ही अडचण सोडवण्यासाठी त्या दिवशी ‘असोसिएशन ऑफ मेडिकल लायब्रेरियन्स’ची स्थापना झाली. १९०७ साली तिचे नाव ‘मेडिकल लायब्ररी असोसिएशन’ झाले. आरोग्यक्षेत्रातल्या ग्रंथपालांची ही जुनी संघटना आजही कार्यरत आहे. ग्रंथपालाचे काम रुग्णाच्या उपचारापर्यंत पोहोचते, ही जाणीव तिच्यात कशी रुजत गेली, हे पाहणे आपल्यासाठीही मोलाचे आहे.

पहिले काम साधेच होते, पण त्याला चिकाटी लागत होती. सभासद ग्रंथालयांनी आपल्याकडच्या जादा प्रती पाठवायच्या आणि नसलेले अंक मागवायचे. या देवघेवीला सारे ‘एक्स्चेंज’ म्हणत. बाल्टिमोरच्या ग्रंथपाल मार्शिया नॉयस यांनी सुरुवातीच्या काळात हा भार पेलला. गठ्ठे सोडायचे, अंक लावायचे, कोणाकडे काय नाही याच्या याद्या ठेवायच्या आणि पुन्हा गठ्ठे बांधून रवाना करायचे. एका गावच्या अडगळीतला अंक दुसऱ्या गावच्या डॉक्टरच्या उपयोगी पडू लागला. मॅकगिल विद्यापीठाच्या मार्गारेट चार्लटन या संस्थेच्या पहिल्या सचिव. थोर वैद्य विल्यम ऑस्लर १९०१ ते १९०४ या काळात अध्यक्ष होते. अध्यक्षपद बराच काळ डॉक्टरांकडेच राहिले. १९३३ मध्ये नॉयस त्या पदावर आल्या, तेव्हा तिथे पहिल्यांदाच एक महिला बसली. ज्यांनी गठ्ठे बांधले त्यांच्याकडे संस्थेचे सुकाणू यायला पस्तीस वर्षे लागली. संस्थेचा सर्वोच्च सन्मान आज त्यांच्याच नावाने दिला जातो.

शिकण्याची सोय

वैद्यकीय ग्रंथपाल तयार कसा करायचा, हा पुढचा प्रश्न होता. बहुतेक जण काम करता करताच शिकत. १९११ पासून संस्थेचे बुलेटिन नियमित निघू लागले आणि एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोहोचू लागला. १९४३ मध्ये जॅनेट डो यांच्या संपादनाखाली वैद्यकीय ग्रंथालयाच्या कामकाजाची हस्तपुस्तिका निघाली. पुस्तके कशी निवडावीत, नियतकालिके कशी जपावीत, वाचकाच्या प्रश्नाचा माग कसा काढावा, हे सारे प्रथमच एका जागी आले. १९४९ मध्ये प्रमाणपत्राची योजना सुरू झाली. पुढे वार्षिक अधिवेशनाला जोडून उजळणी वर्ग भरू लागले.

यापेक्षा मोठा विचार १९८० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. एकदा मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर पुरत नाही, हे संस्थेने मान्य केले. ‘अकॅडमी ऑफ हेल्थ इन्फर्मेशन प्रोफेशनल्स’ची रचना त्यातून झाली. यात ग्रंथपालाच्या पायऱ्या ठरतात. त्याने कोणते वर्ग केले, काय शिकवले, काय लिहिले, व्यवसायासाठी काय केले याची नोंद होते आणि ठरावीक वर्षांनी ती पुन्हा तपासली जाते. औषधे बदलतात, उपचार बदलतात, तसा त्यांची माहिती शोधणाराही बदलला पाहिजे.

संगणक आणि रुग्णाची खाट

१८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केलेली ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची सूची अनेक पिढ्यांचा आधार होती. १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘मेडलार्स’ ही संगणकीय यंत्रणा चालू केली. डॉक्टरचा प्रश्न प्रशिक्षित विश्लेषक संगणकाला समजेल अशा शब्दांत मांडत आणि उत्तर यायला दिवस, कधी आठवडेही लागत. १९६५ च्या वैद्यकीय ग्रंथालय साहाय्य कायद्याने प्रादेशिक ग्रंथालयांच्या जाळ्याला पैसा मिळाला. १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ ही ऑनलाइन सेवा आली आणि दूरच्या गावातूनही थेट शोध घेता येऊ लागला. १९९७ मध्ये मेडलाइन शोधण्याचे ‘पबमेड’ हे संकेतस्थळ सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले.

१९७१ मध्येच कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम्ब यांनी वेगळा प्रयोग केला. वॉर्डातल्या फेरीत डॉक्टरांबरोबर ग्रंथपालही फिरू लागला. खाटेशी निघालेला प्रश्न तो टिपून घेई, ग्रंथालयात जाऊन लेख शोधी आणि उपचार करणाऱ्यांच्या हाती ठेवी. ‘क्लिनिकल लायब्रेरियन’ ही भूमिका तिथून रुजली.

पण याचा रुग्णाला खरेच फायदा होतो का? हा प्रश्न ग्रंथपालांनी स्वतःलाच विचारला, म्हणून या वाटचालीचा अभिमान वाटतो. जोआन मार्शल यांचा रॉचेस्टर अभ्यास १९९२ मध्ये संस्थेच्या बुलेटिनमध्ये छापून आला. रुग्णालयाच्या ग्रंथालयातून मिळालेल्या माहितीमुळे आपण उपचारातली एखादी गोष्ट निश्चितपणे किंवा बहुधा वेगळ्या रीतीने केली, असे सुमारे ८० टक्के डॉक्टरांनी सांगितले. पुढे हाच अभ्यास फार मोठ्या प्रमाणावर झाला. ११८ रुग्णालयांतल्या १६,१२२ डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि परिचारिकांनी उत्तरे दिली. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा असे सांगणारे ७५ टक्के होते. बजेटच्या बैठकीत ग्रंथालयाची बाजू मांडताना ग्रंथपालाला आता आकडे दाखवता येऊ लागले.

एका शोधाची किंमत

२००१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या एका संशोधनात निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम हे रसायन श्वासावाटे देण्यात आले. त्यातल्या २४ वर्षांच्या एका तरुणीची फुफ्फुसे निकामी झाली आणि ती दगावली. या रसायनाचा फुफ्फुसांवर होणारा घातक परिणाम १९५० च्या दशकातल्या लेखांत नोंदलेला होता. संशोधकांनी पबमेडमध्ये शोध घेतला होता, पण त्या वेळी पबमेड १९६६ च्या मागे जात नव्हते. जुन्या छापील सूच्या कपाटात होत्या. शोध कुठवर घेतला, कुठे थांबवला आणि का, हे कोणी तरी जाणत्याने विचारायला हवे होते. ग्रंथपालाचे कौशल्य ही चैन नव्हे, हे या दुर्दैवी मृत्यूने जगाला दाखवले.

त्यानंतरच्या वर्षांत शोध तपासण्याची साधने पक्की होत गेली. कॅनडातल्या तज्ज्ञांच्या पुढाकाराने ‘प्रेस’ ही मार्गदर्शिका तयार झाली. तिची सुधारित आवृत्ती २०१५ ची आहे. एका ग्रंथपालाने रचलेली सर्च स्ट्रॅटेजी, म्हणजे शोधाची आखणी, दुसरा ग्रंथपाल तिच्या आधारे तपासतो. प्रश्न नीट उतरला का, ‘अँड’ आणि ‘ऑर’ योग्य जागी आहेत का, विषयशीर्षके सुटली का, स्पेलिंग चुकले का, गाळण्या जास्त कडक झाल्या का, हे तो पाहतो. २०२१ मध्ये ‘प्रिस्मा-एस’ ही १६ मुद्द्यांची यादी आली. शोध कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला आणि नेमक्या कोणत्या शब्दांनी घेतला, हे सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एका प्रश्नावरच्या सर्व अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यात, उघड लिहिले पाहिजे, म्हणजे दुसऱ्याला तो पुन्हा करून पाहता येईल, असा तिचा आग्रह आहे. ग्रंथपाल सहलेखक असतो तिथे शोधाची नोंद अधिक चांगली असते, असे २०१५ च्या एका अभ्यासात आढळले.

याच काळात मेडिकल लायब्ररी असोसिएशनने टाकलेले पाऊल सर्वांत धाडसाचे होते. इतरांच्या संशोधनाला हात देणाऱ्या ग्रंथपालाने स्वतः संशोधक व्हावे, म्हणून २०१८ मध्ये ‘रिसर्च ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. तिला अमेरिकी केंद्र सरकारच्या संग्रहालय व ग्रंथालय सेवा संस्थेचे अनुदान मिळाले. सुरुवातीला निवडलेले ग्रंथपाल आठवडाभर एकत्र राहून प्रश्न कसा मांडावा, नमुना कसा निवडावा, आकडे कसे वाचावेत, हे शिकत. मग आपल्या गावी परतून प्रत्यक्ष संशोधन करत आणि त्या काळात मार्गदर्शक त्यांच्या पाठीशी असे. बहुतेक ग्रंथपालांच्या शिक्षणात संशोधन पद्धती हा विषय ओझरताच येतो आणि नोकरीत त्यासाठी वेळ राखून ठेवलेला नसतो. आठवड्याचा वर्ग आणि पुढची सोबत यांची सांगड घातल्याने ही उणीव भरून निघू लागली. बुलेटिनचे आजचे रूप असलेले संस्थेचे जर्नल सर्वांना विनामूल्य वाचता येते, त्यामुळे तिथे छापून आलेले काम आपल्यापर्यंतही पोहोचते.

आपल्यासाठी काय

भारतातही पाया घातला गेला आहे. दिल्लीचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय १९६६ पासून या नावाने काम करते. १९८६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) यांनी इंडियन मेडलार्स सेंटर उभे केले. २००८ पासून ‘अर्मेड’ या संघामार्फत सरकारी वैद्यकीय संस्थांना जर्नले मिळू लागली. वैद्यकीय ग्रंथपालांची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद १९९० मध्ये दिल्लीतच भरली होती.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत दरवर्षी शेकडो पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध लिहितात. प्रत्येक प्रबंधाची सुरुवात साहित्यशोधाने होते. तो शोध विद्यार्थ्याने एकट्याने घाईत उरकायचा, की प्रशिक्षित ग्रंथपालाबरोबर बसून करायचा, हे महाविद्यालयाने ठरवायचे आहे. अमेरिकेइतका पैसा आपल्याकडे नसेल. पण ‘प्रेस’ची यादी विनामूल्य आहे, ‘प्रिस्मा-एस’ही विनामूल्य आहे. दोन महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी एकमेकांचे शोध तपासायला अनुदान लागत नाही. नैतिकता समितीपुढे प्रस्ताव जाण्याआधी त्यावर ग्रंथपालाची सही घ्यायला नवा कायदा लागत नाही. ग्रंथालयात कोणता प्रश्न आला, काय सापडले आणि त्यातून उपचारात काय बदलले, याची वही ठेवायला तर काहीच लागत नाही. ती वही वर्षभर ठेवली की आपल्या ग्रंथपालाचा पहिला शोधनिबंध लिहिण्याइतकी सामग्री जमेल. त्याला हवा आहे आठवड्यातला राखीव वेळ आणि संशोधनाच्या बैठकीत एक खुर्ची. दोन्ही देणे अधिष्ठात्यांच्या हातात आहे.