दप्तरापासून संकेतस्थळापर्यंत : दुसरबीडचा सातबारा

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडचा शेतकरी आज मोबाइलवर जो सातबारा पाहतो, त्याची मुळे वऱ्हाडच्या महसुली इतिहासात आहेत. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेतजमिनीला सर्व्हे नंबर व आकार, म्हणजे सरकारी सारा, ठरवून देण्यात आला. त्या नोंदींचे दप्तर पटवाऱ्याकडे असे. त्यामुळे उताऱ्यासाठी त्याच्या सवडीवर अवलंबून राहणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता झाला. गाव नमुना सात (हक्काची नोंद) आणि बारा (पिकांची नोंद) यांचा जोडउतारा तो सातबारा.

2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, ही सुधारणा निःसंशय मोठी होय. 2021 मध्ये आलेल्या ई-पीक पाहणीने तर बारा नंबरची नोंद शेतकऱ्याच्याच हाती दिली : बांधावरून शेतात उतरायचे, गट क्रमांक निवडायचा, उभ्या पिकाचा फोटो काढायचा आणि रेंज मिळाली की माहिती पाठवायची. मात्र ज्याला हे जमत नाही, तो सेवा केंद्राच्या चालकाकडे किंवा शेजारच्या शिकल्या पोराकडे वळतो, म्हणजे जुने परावलंबन नव्या रूपात उरतेच. शिवाय वारसाचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, अडली तर ऑनलाइन उताऱ्यावरही मृत खातेदाराचेच नाव राहते. अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यान्वये अपील करता येते. हा हक्क नागरिकांनी अवश्य बजावावा.