पेजेचें पातेलें: चुलीपाशीं घडलेला इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंती केव्हां उभ्या राहिल्या आणि घंटा कोठून आली, याचा वृत्तांत देण्याची रीत आहे, व ती योग्यच आहे. परंतु इतिहास जसा वेदीपाशीं घडतो तसा तो चुलीपाशींही घडत असतो. मात्र त्याची नोंद कोणत्याही वहींत होत नाहीं. ही उणीव थोडीशी भरून काढावी, या हेतूनें आम्हीं येथें एका साध्या पेयाचा वृत्तांत लिहावयास घेतला आहे. तें पेय म्हणजे तांदळाची पेज.

पनवेलच्या आसपास आज जीं ख्रिस्ती कुटुंबें राहतात, त्यांपैकीं कोणी वसईकडचीं, कोणी उरण-अलिबागकडचीं, कोणी गोव्याचीं, तर कोणी मंगळुराकडचीं आहेत. त्यांच्या बोली निराळ्या व सणाचीं पक्वान्नेंही निराळीं. पण पेज सर्वांच्या ओळखीची. भरपूर पाण्यांत तांदूळ किंवा कण्या मऊ होईपर्यंत शिजवाव्या, चवीपुरतें मीठ घालावें, आणि लोणच्याच्या फोडीबरोबर किंवा भाजलेल्या सुक्या मासळीबरोबर ती गरम गरम प्यावी. गोव्यांत दिवस बराच वर आला म्हणजे शेतांत राबणारा मनुष्य उकड्या तांदळाची पेज घेई. गुड फ्रायडेच्या उपवासालाही कित्येक घरीं हीच एक वाटी पुरे होई. दुखणेकऱ्यास तर पहिलें अन्न म्हणून तीच.

कोंकणच्या स्वयंपाकघरांत अशीं पेयें आणखीही आहेत. उकडलेल्या कैरीचें गूळ-मीठ घातलेलें पन्हें, आमसुलाचें सार, जिरें लावलेलें ताक, नाचणीची आंबील. यांपैकीं बहुतेकांत चिमूटभर मीठ असतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण घामाबरोबर शरीरांतून पाणी जातें तसें मीठही जातें, आणि नुसत्या पाण्यानें तें भरून येत नाहीं. परंतु या सर्वांत पेजेची गोष्ट अधिक गंभीर आहे. जुन्या घरांतील आजीला ‘मुलें किती?’ असें विचारलें तर ती दोन आंकडे सांगत असे: झालीं इतकीं, आणि राहिलीं इतकीं. या दोन आंकड्यांमधलें अंतर ज्या दुखण्यांनीं पाडलें, त्यांत जुलाब-वांत्यांचें दुखणें पुढें होतें.

पनवेलचा या दुखण्याशीं जुना संबंध आहे. पुण्याहून मुंबईस जाणारा मनुष्य बोरघाट उतरून पनवेलास येई आणि येथील खाडींतून होडीनें मुंबई गांठी. लष्कर व व्यापारी यांचा हाच मार्ग. १८१७ सालीं बंगालमधील जेसोर येथें पटकीची म्हणजे कॉलऱ्याची मोठी सांथ उद्भवली, व पुढील वर्षीं ती दख्खन ओलांडून घाटाखालीं उतरली. १८१८ च्या ऑगस्टांत ती पनवेलांत होती, आणि त्याच महिन्यांत पनवेलहून गेलेल्या एका माणसाबरोबर ती मुंबई बेटावर पोंचली, असें त्या काळच्या मुंबईच्या वैद्यकीय अहवालांत नमूद आहे.

त्या वेळीं या रोगावर इलाज काय होता? युरोपांत शिकलेले डॉक्टर रोग्याचें रक्त काढीत, पाऱ्याचें कॅलोमेल व अफूचा अर्क देत. आणि तहानेनें तळमळणाऱ्या रोग्यास पाणी द्यावें कीं न द्यावें याविषयींच त्यांच्यांत एकमत नव्हतें. १८३१-३२ च्या सुमारास विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरानें पटकीच्या रोग्यांचें रक्त तपासून दाखविलें कीं त्यांतील पाणी व क्षार निघून गेलेले असतात. हाच गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत आला व येथें त्यानें तारायंत्राची उभारणी केली. १८३२ सालीं स्कॉटलंडांत टॉमस लॅट्टा यानें मिठाचें पाणी शिरेंतून देऊन कांहीं रोगी मरणाच्या दारांतून परत आणले. पण शिरेंतून पाणी देण्याचा उपाय खेड्यापाड्यांतील झोंपडींत कोठून पोंचावा?

आतां आणखी मागें जाऊन गोव्याकडे वळूं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानें हिंदुस्थानांतील वनस्पती व औषधें यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. या देशांत छापलेल्या अगदीं पहिल्या ग्रंथांपैकीं तो एक होय. आपल्या भिरंडीचें, म्हणजे कोकमाच्या फळाचें, नांवही त्यांत आलें आहे. पटकीसारख्या रोगाचें वर्णन करतांना ऑर्ता सांगतो कीं या देशचे लोक त्यास ‘मोरशी’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली मोडशी. आणि त्यावर येथें काय देतात, तर मिरीं व जिरें घातलेलें, तांदुळांतून पिळून काढलेलें पाणी. त्याचें नांव त्यानें ‘कांजी’ असें नोंदविलें आहे. पनवेलवरून पटकी मुंबईस गेली त्याच्या २५५ वर्षें आधींची ही नोंद आहे.

मात्र येथेंच सावध झालें पाहिजे. ज्या ठिकाणीं कांजीचा उल्लेख आहे, त्याच ठिकाणीं रोग्याच्या पायांना डागण्या देण्याचाही आहे. आमच्या घरांतही पेजेच्या शेजारीं एक घातक समजूत नांदत होती: जुलाब लागले कीं पाणी बंद, अन्न बंद, प्रसंगीं आईचें दूधही बंद. पोट रिकामें राहिलें म्हणजे जुलाब थांबतील, असा समज. ते थांबत, पण पुष्कळदां मुलाच्या अंगांतलें पाणीच संपल्यामुळें. तेव्हां जुनें तें सर्व सोनें असें आम्ही म्हणत नाहीं. कसोटीस उतरेल तेंच सोनें.

ही कसोटी विसाव्या शतकांत लागली. १९५३ सालीं कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं मीठ व ग्लुकोज घातलेलें पाणी तोंडावाटें देऊन पटकीचे रोगी बरे केल्याचें प्रसिद्ध केलें. पण तिकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९६८ सालीं ढाक्यांतील संशोधकांनीं अशाच द्रावणाचा उपयोग काटेकोर प्रयोगानें दाखवून दिला. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धामुळें बनगांव येथें निर्वासितांची रीघ लागली आणि पटकी पसरली. शिरेंतून देण्याचें पाणी संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पिंपांत भरून ठेविलें व तें पाजण्याचें काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोंपविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें शेंकडा ४ च्या खालीं आलें. १९८० नंतर ढाक्यांतच ग्लुकोजऐवजीं तांदळाचें पीठ वापरून पाहण्यांत आलें. पटकीच्या रोग्यांत तें द्रावण तितकेंच गुणकारी ठरलें, आणि जुलाबाचें प्रमाणही त्यानें कमी झालें. अशा रीतीनें मीठ घातलेली पातळ पेज शास्त्राच्या कसोटीस उतरली.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. आंतड्याच्या भिंतींत एक वाट अशी आहे कीं जेथें मीठ एकटें आंत जात नाहीं. साखरेचा कण जोडीला असला म्हणजे दोन्हीं मिळून आंत जातात, व त्यांच्यामागोमाग पाणी जातें. पटकींतही ही वाट बंद पडत नाहीं. तांदळाच्या पिठाची आंतड्यांत हळूहळू साखर होते, म्हणून पेज हें काम करूं शकते. पण तिच्यांत मीठ हवेंच. उलट, फार गोड पेय पोटांत गेलें म्हणजे तें शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढून घेतें व जुलाब वाढवितें. बाटलींतलीं रंगीत सरबतें जुलाबांत देऊं नयेत, तें याचसाठीं.

हें ज्ञान दवाखान्यांत राहून भागण्यासारखें नव्हतें. तें आयांच्या हातीं जाणें जरूर होतें. १९८० ते १९९० या काळांत बांगलादेशांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १ कोटी २० लाखांहून अधिक घरीं गेल्या, आणि तीन बोटांच्या चिमटीनें मीठ व मुठीनें गूळ मोजून पाणी कसें करावें, हें त्यांनीं घराघरांतील स्त्रियांना शिकविलें. स्वयंपाकघरांतील हात हें केवढें साधन आहे, याचा हा मोठा दाखला आहे.

आमच्या पनवेलास औषधांचें वावडें कधींच नव्हतें. १८७२ सालीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया येथेंच घातला. तरीही पेज मागें पडत गेली. १९०३ च्या कायद्यानें चहावर उपकर बसला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. हळूहळू सकाळची वाटी जाऊन कप आला. पेज ही गरिबाची, आजाऱ्याची, अशी लाज वाटूं लागली. पाहुण्यापुढें तर बाटलीच हवी. चहाशीं आमचें वैर नाहीं. परंतु पेज करण्याची माहिती आजीबरोबरच घरांतून गेली, तर ती पुन्हां आणणें कठीण आहे. आणि पांच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत आजही अतिसाराची गणना होते.

म्हणून कृति येथें स्पष्ट लिहून ठेवतों. १ लिटर पाण्यांत सुमारें ५० ग्रॅम तांदळाचें पीठ कालवून पांच ते सात मिनिटें ढवळीत शिजवावें व त्यांत सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ घालावें. चव पाहावी, ती डोळ्यांतल्या आंसवांपेक्षां अधिक खारट नसावी. निवल्यावर, दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर व त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्यानें पाजावें. वांती झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां द्यावें. ही पेज सहा तासांहून अधिक ठेवूं नये. दवाखान्यांत मिळणारी ओ.आर.एस.ची पुडी हातीं असेल तर तीच आधीं वापरावी. पेज ही ती मिळेपर्यंतची सोय. आईचें दूध कधींही बंद करूं नये. सहा महिन्यांखालील बाळ असेल, शौचांत रक्त दिसेल, डोळे खोल जातील, लघवी थांबेल किंवा मूल सुस्त होऊन पिईनासें होईल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां दवाखाना गांठावा. डॉक्टरांच्या सल्ल्यानें जस्ताच्या गोळ्याही द्याव्या.

पेयाबरोबर पाण्याचीही संवय हवी. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, व २०१६ पासून येथें महानगरपालिका आहे. पण वडाळें, कृष्णाळें, विश्राळें या तळ्यांचीं नांवें अजून गांवाच्या तोंडीं आहेत. तळ्या-विहिरींच्या काळीं शहाण्या गृहिणी पाणी फडक्यानें गाळून घेत. त्याच संवयीनें, औषधावांचून, नारूचा रोग हटला. हिंदुस्थानांतील शेवटचा नारूचा रोगी १९९६ सालीं आढळला, आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. आज गाळण्याबरोबर उकळणेंही हवें, भांड्यावर झांकण हवें, पाणी ओगराळ्यानें काढावें, आणि स्वयंपाकापूर्वीं व शौचानंतर साबणानें हात धुवावे.

आमची वाचक भगिनींना आणि तितक्याच आग्रहानें बंधूंनाही विनंती आहे कीं घरांत कोणी वडील माणूस असेल तर त्यांच्यापाशीं बसून त्यांच्या हातची पेज एकदां शिकून घ्यावी, आणि मिठाचें प्रमाण वर दिल्याप्रमाणें राखावें. ज्या आज्यांनीं दोन आंकडे सांगितले त्यांच्या नातींना आज बहुधा एकच आंकडा सांगावा लागतो. यांत लसी, डॉक्टर व स्वच्छ पाणी यांचा वांटा मोठा आहे. त्यांत पेजेच्या पातेल्याचाही आहे, एवढें या स्मरणिकेंत नमूद असावें, म्हणून हा लेख.