ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना : बोटांची सवय सांभाळा
प्रतिनिधी, ठाणे

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. वैयक्तिक वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत देऊ करण्यात आली. ठाण्यात प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणारे, डोंबिवलीत लग्नपत्रिका जुळवणारे डीटीपी व्यावसायिक, कल्याणमधील गृहनिर्माण सोसायटीचे सचिव अशा साऱ्यांपुढे त्यामुळे एकच प्रश्न येतो : सिस्टीम बदलली, तर वर्षानुवर्षे हाताला बसलेल्या सवयींचे काय?

जुना संगणक, नव्या अटी

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवणक्षमता आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. त्यामुळे उत्तम चालणारा संगणकही या कसोटीत नापास होऊ शकतो. अशा वेळी नवा संगणक घेणे, अॅपलच्या मॅककडे वळणे किंवा आहे त्याच यंत्रावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली बसवणे, असे तीन मार्ग उरतात.

पडदा आणि शॉर्टकट

पडद्याची सवय लवकर जुळते. लिनक्स मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात आणि टास्कबार तळाशी असतो. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, ऑल्ट-टॅब हे शॉर्टकटही तसेच चालतात. मॅकवर कॉपी-पेस्टसाठी कंट्रोलऐवजी कमांड हे बटण वापरावे लागते; मात्र सेटिंगमध्ये जाऊन या दोन्ही बटणांची अदलाबदल करता येते. विंडोज ११ मध्ये मधोमध गेलेले स्टार्टचे बटण पुन्हा डावीकडे आणता येते. लिबरऑफिस या मोफत पॅकेजमध्ये फाइल कायम वर्डच्याच स्वरूपात साठवली जावी, अशी सूचना एकदा देऊन ठेवता येते.

खरी अडचण मराठीची

मराठीत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. एक म्हणजे कीबोर्डची मांडणी, अर्थात कोणत्या बटणावर कोणते अक्षर आहे ते. दुसरी म्हणजे ते अक्षर फाइलमध्ये कोणत्या संकेताने साठवले जाते.

टंकलेखन संस्थांतून शिकलेल्या अनेकांची बोटे रेमिंग्टन मांडणीवर घडली आहेत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर हीच फाइल उघडली, की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतंत्र संकेत असल्याने मजकूर कोणत्याही सिस्टीमवर मराठीच राहतो.

युनिकोडकडे जाण्यासाठी रेमिंग्टन सोडावी लागत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. लिनक्समध्ये आयबस आणि एम-सेव्हन्टीन-एन ही मोफत साधने बसवली, की मराठीसाठी इनस्क्रिप्ट, उच्चाराधारित तसेच रेमिंग्टन अशा मांडण्या निवडता येतात. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड अंगभूत मिळतो. रेमिंग्टनसाठी वेगळे साधन बसवावे लागते. जुन्या फायली मात्र कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून तपासाव्यात. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे येथे चुका हमखास सापडतात. मूळ फाइल जपावी, शिवाय तिची एक पीडीएफ प्रतही काढून ठेवावी. प्रतिज्ञापत्रातील एखादे आडनाव बदलले, तर त्याचा भुर्दंड पक्षकाराला बसतो.

जे सोबत येत नाही

टॅली आणि कोरलड्रॉ यांच्या थेट लिनक्सवर चालणाऱ्या आवृत्त्या नाहीत. कोरलड्रॉ मॅकसाठी मिळते. हिशेबाचे किंवा छपाईचे काम यांवरच अवलंबून असेल, तर पूर्ण बदल टाळून एकाच यंत्रावर दोन सिस्टीम ठेवाव्यात किंवा जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून तेवढ्याच कामासाठी राखावे. प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन नव्या सिस्टीमवर चालते का, हेही आधीच पाहावे.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि सुमारे १५ हजार संगणक त्यावर नेले. २०१७ मध्ये मात्र पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. बाहेरील कार्यालयांशी फायलींची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणी हा त्या वादातील एक मुद्दा होता. याउलट केरळने सरकारी शाळांत लिनक्स रुजवताना शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. आपल्याकडे सी-डॅकने २००७ पासून भारतीय भाषांसाठी बॉस ही लिनक्स प्रणाली उपलब्ध केली आहे.

बदलाचा क्रम

१. सर्व फायलींचा बॅकअप बाहेरील डिस्कवर घ्यावा.
२. आठवडाभरात वापरात येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची आणि यंत्राची यादी करावी.
३. जुन्या फॉन्टमधील आवश्यक फायली युनिकोडमध्ये आणाव्यात.
४. जुन्याच सिस्टीमवर काही दिवस युनिकोडमध्ये टायपिंग करावे आणि विंडोजवर लिबरऑफिस वापरून पाहावे.
५. लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करावे. यात काहीही बसवावे लागत नाही. मराठीचे एक पान टाइप करून त्याची छपाई काढावी.
६. सारे जमले, तरच सिस्टीम बसवावी. जुनी डिस्क महिनाभर पुसू नये.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सिस्टीम, ऑफिसचे पॅकेज आणि कीबोर्डची मांडणी एकाच दिवशी बदलणाऱ्याला अडचण नेमकी कुठे आहे तेच कळत नाही. आणि दुकानात ग्राहक खोळंबलेला असताना ते शोधत बसणे परवडणारे नसते.