लासूरची रेल्वे कुणाला विचारून आली?

लासूर स्टेशनवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे चालवणाऱ्या कंपनीच्या नावातच 'गॅरंटीड' होते. म्हणजे भागधारक लंडनचे, नफ्याची हमी निजामाच्या, अर्थात रयतेच्या तिजोरीची. १८८३ मध्ये या व्यवहाराच्या मुळाशी असलेली चांदा रेल्वे योजना जनतेपुढे मांडा, अशी मागणी करणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्यायांना हैदराबादेतून हद्दपार केले गेले. तेही शहरी, शिकलेले. गावकुसाबाहेरच्यांना विचारणार कोण?

आज याच गंगापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास व जनसुनावणी आहे. सातबारा नसलेला शेतमजूर त्यातच नोंदला जातो. २०१८ च्या राज्य दुरुस्तीने महामार्गांची जमीन त्यातून वगळली. म्हणून आम्ही विचारतो: ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचे नुकसान आता कोणत्या कागदावर येणार?