कॅमेऱ्याची कातडी पेटी

वैनगंगेच्या काठी कारध्याला राहून आम्ही जुन्या कॅमेऱ्यांच्या कातडी पेट्या जमवतो, याचे पुष्कळांना हसू येते. कॅमेरे जमवणे लोकांना समजते. मुंबईच्या दिलीश पारेखांच्या 4,425 कॅमेऱ्यांची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली आहे. पण नुसती खोकी? आमची उमेदीची वर्षे विडी कामगारांच्या संघटनेत गेली. यंत्राआधी ते वाहणाऱ्या खांद्याकडे आमची नजर जाते, ती खोड आता सुटणार नाही.

1851 साली ओल्या काचेची रीत निघाली. काच जागेवर रसायनात बुडवावी, ओली असतानाच चित्र घ्यावे आणि तेथेच धुवावे. म्हणजे कॅमेऱ्यामागे अंधारी राहुटी, काचांच्या पेट्या, बाटल्या, असा सारा संसार चाले. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तीत होते. 1863 मध्ये सॅम्युअल बोर्न सिमल्याहून हिमालयात शिरला तो तीसेक हमाल घेऊन. चित्रांखाली बोर्नचे नाव आहे, हमालांचे नाही.

1871 मध्ये मॅडॉक्सने कोरड्या काचेची वाट दाखवली आणि राहुटीची गरज संपली. 1888 मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. 25 डॉलरांत शंभर चित्रांची फिल्म भरलेला कॅमेरा, आणि त्याच किमतीत कातडी पेटी. हमाल गेला, पट्टा आला.

त्या काळची चांगली पेटी हातात घेऊन पाहावी. जाड कातडे, आत तांबडी मखमल, काचांच्या चौकटींसाठी खण, पितळी कुलूप. शिवण खोगिरासारखी: आरीने भोक पाडायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन सुया त्याच भोकातून समोरासमोर काढायच्या. एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. यंत्राची शिवण एकदा सुटली की उसवतच जाते.

आणि कातडे? मद्रासकडे तरवडाच्या सालीने कमावलेली कातडी जहाजे भरून इंग्लंडला जात. कातडे कमावण्यासाठी हिरडाही येथूनच जाई. आपल्या मध्यप्रांतातल्या जंगलांतला हिरडा तिकडे इतका नावाजला होता की जबलपूरचे नाव त्याच्या प्रतीलाच चिकटले. तेव्हा झाकणातल्या विलायती शिक्क्याला फार भुलू नये. शिवाय तो शिक्का बहुधा दुकानदाराचा असतो, शिवणाऱ्याचा नव्हे. आपणही वेगळे वागलो नाही. ढोर, चांभार, मादगी यांना गावाबाहेर ठेवले आणि त्यांच्या हातचे जोडे मात्र पायात घालून मिरवलो.

1925 मध्ये लायका आला, पुढे कॅमेरा बाहेर न काढताच चित्र घेता येईल अशा पेट्या निघाल्या. बडोद्याला बनलेल्या आग्फा क्लिक थ्रीची पेटी आपल्यापैकी अनेकांनी लग्नकार्यात पाहिली असेल. त्यात जमवण्याजोगे थोडेच.

एक चूक सांगितली पाहिजे. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा महापूर आला, त्यात आमच्या तीन पेट्या भिजल्या. घाईने उन्हात ठेवल्या. दोन लाकडासारख्या आक्रसल्या. तिसरीला भरपूर तेल चोळले, ती बुरशीने पांढरी झाली. ओले कातडे सावलीत, आत कागद कोंबून, हळूहळू वाळवावे एवढेही आम्हांला ठाऊक नव्हते. कोणी हात लावताच पेटीची तांबडी भुकटी झडते, तो रोग वेगळा. हवेतल्या गंधकाच्या आम्लाने झाडपाल्यावर कमावलेले कातडे सडते. लंडनमध्ये 1900 साली पुस्तकांच्या बांधणीसाठी समिती बसली होती ती याच रोगामुळे. त्यावर तेल म्हणजे रोग्याला जेवणावळ. आणि कॅमेरा पेटीत ठेवू नये. कातडे ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते.

तिसऱ्या पेटीचा पट्टा सांधायला आम्ही भंडाऱ्याच्या एका वृद्ध चांभारदादांकडे गेलो. त्यांनी शिक्क्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कडेवरून अंगठा फिरवला, पेटी उजेडात धरली आणि म्हणाले, "टाके उलटे कलले आहेत भाऊ. हा डावखुरा होता." घरी येऊन आम्ही वहीत दुकानाच्या नावाखाली लिहिले: शिवणारा डावखुरा.