उरलेला वेळ कोणाचा?

आज तोफा नाहीत, रणगाडे नाहीत. आज बोलायचंय शिल्लक वेळाबद्दल.

१९५५ साली अमेरिकी नौदलाने विल्यम रेबॉर्न या अधिकाऱ्याकडे एक खास कार्यालय सोपवलं. त्यातूनच पुढे पाणबुडीतून डागायचं पोलॅरिस क्षेपणास्त्र आलं. कंत्राटदार असंख्य, आणि काम पूर्वी कोणी केलेलंच नाही. मग किती दिवस लागतील, हे सांगणार कोण? म्हणून १९५८ मध्ये 'पर्ट' ही पद्धत निघाली. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. मधल्याला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागायचं.

त्यातून ज्या वाटेवर शिल्लक वेळ दिसतो, त्याला 'स्लॅक' म्हणतात. आता गंमत बघा. हा वेळ एका कामाचा नसतो, अख्ख्या वाटेचा असतो. पहिल्याने तो खाल्ला, की शेवटचा उपाशी. आणि उशीर झाला की बोलणी शेवटच्यालाच. आपल्या लष्करी ताफ्यातही हेच. पुढची गाडी रेंगाळते, दमछाक मागच्याची.

मग वाटायचा कसा? मी एक काल्पनिक हिशोब मांडतो. एका कामाचे अंदाज ४, ५, ६ आठवडे; सरासरी ५. दुसऱ्याचे ४, ६, २०, सरासरी ८. शिल्लक ९ आठवडे. समान वाटले तर साडेचार-साडेचार. सरासरीच्या प्रमाणात दिले तर साधारण साडेतीन आणि साडेपाच. पण खरी अनिश्चितता पाहिली, तर पहिल्याचा पल्ला २ आठवड्यांचा, दुसऱ्याचा १६. म्हणजे वाटणी १ आणि ८.

मला ही शेवटची वाटणी पटते. धोका जिथे, राखीव फौज तिथे. पण तिच्यात एक भोक आहे. वाईट अंदाज फुगवून सांगणाऱ्याला जास्त वेळ मिळतो, आणि नेमका अंदाज देणारा मार खातो. म्हणून अंदाज देणारा आणि वेळ मागणारा एकच नसावा.

२० जुलै १९६० रोजी जॉर्ज वॉशिंग्टन या पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस डागलं. श्रेय पर्टला मिळालं. पण हार्वे सापोल्स्की यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की पर्टचा मोठा उपयोग वरिष्ठांची ढवळाढवळ दूर ठेवायला झाला. वाटणीचा प्रश्न मात्र कंत्राटांत शिरला. आज अनेक बांधकाम करारांत स्पष्ट लिहितात, की हा वेळ मालकाचाही नाही, कंत्राटदाराचाही नाही, प्रकल्पाचा आहे. व्यवहारात तो आधी पोहोचेल त्याच्या हाती लागतो.